स्त्रीरोग आणि प्रजनन आरोग्यातील क्लिनिकल ट्रायल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात. एक, ज्यांना ट्रायलमध्ये भाग घेण्याबद्दल विचारलं गेलंय. दोन, ज्यांनी एखाद्या ट्रायलची बातमी वाचली आणि आता आपली गोळी चालू ठेवावी की नाही हे त्यांना कळत नाही. दोघींच्याही कामी येतो तो एकच प्रश्न: नेमकं काय मोजलं, कधी मोजलं आणि कोणामध्ये मोजलं?

ट्रायलमध्ये जाणं म्हणजे नवीन उपचार घेणंच ना?

नाही. उपचारात डॉक्टर तुमच्याकडे बघून औषध ठरवतात. ट्रायलमध्ये तुम्ही कोणत्या गटात जाणार हे संगणकाची चिठ्ठी ठरवते, आणि ती चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांनाही बदलता येत नाही. बदलता आली तर जास्त त्रास असलेल्या बायका हळूच नव्या औषधाच्या गटात सरकवल्या जातात आणि दोन्ही गटांची तुलनाच निरर्थक होते. आपल्याला नवीन औषध मिळेलच असं धरून सही करू नका.

संमतीपत्र १५-२० पानांचं असतं. त्यात नक्की काय बघायचं?

सगळं वाचा, पण चार जागा पेन घेऊन वाचा. किती भेटी आहेत आणि त्यातल्या किती पाळीच्या ठरावीक दिवशी आहेत. रक्त किती वेळा आणि एकूण किती मिली काढणार. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा, म्हणजे बायोप्सी, घेणार का आणि किती वेळा. चौथी जागा सगळ्यात महत्त्वाची: औषधामुळे इजा झाली किंवा ट्रायल चालू असताना दिवस राहिले, तर उपचारांचा खर्च कोण आणि किती काळ करणार. हे वाक्य गुळमुळीत असेल तर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे ट्रायलला परवानगी देणाऱ्या आणि भाग घेणाऱ्यांच्या हिताकडे बघणाऱ्या समितीच्या, क्रमांकावर फोन करून विचारा. तो क्रमांक संमतीपत्रावर छापलेला असतो, आणि तो असतोच यासाठी.

बायोप्सीबद्दल थोडं. सुमारे ३ मिमी जाडीची मऊ नळी गर्भाशयाच्या मुखातून आत सरकवतात, आतला दट्ट्या मागे ओढून नळीत निर्वात पोकळी तयार करतात आणि अस्तराचे कण नळीत ओढले जातात. पाळीसारखी कळ येते, ती बहुधा मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. आधी वेदनाशामक घेतलेलं बरं, पण वेदनेवरच्या ट्रायलमध्ये असाल तर घरातली कुठलीही गोळी घेऊ नका. तिथे ठरवून दिलेलं एकच वेदनाशामक चालतं आणि प्रत्येक गोळीची नोंद होते.

'दुसऱ्या दिवशीच या', 'एकविसाव्या दिवशीच या' असा हट्ट का?

कारण या क्षेत्रात तारीख चुकली की आकडा चुकतो, प्रयोगशाळा कितीही चांगली असो. पाळीच्या सुरुवातीला इस्ट्राडायॉल (मुख्य स्त्री-हार्मोन) साधारण २० ते ८० पिकोग्रॅम असतं. बीजांड सुटण्याआधी तेच २०० च्या पुढे जातं. एकाच बाईचं, एकाच महिन्यात.

एफएसएच (बीजकोश वाढवणारं हार्मोन) म्हणूनच दुसऱ्या ते पाचव्या दिवसात तपासतात, आणि सोबत इस्ट्राडायॉलही बघतात. त्या दिवशी इस्ट्राडायॉल आधीच चढलेलं असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं. रिपोर्टवर एफएसएच 'नॉर्मल' दिसतं आणि बीजकोशांचा साठा कमी असलेली बाई चुकीच्या गटात मोडते. एएमएच (बीजकोशांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) मात्र महिनाभर फारसं हलत नाही, त्यामुळे ते कोणत्याही दिवशी चालतं.

'एकविसावा दिवस' हा तर नेहमीचा घोटाळा. प्रोजेस्टेरॉन (बीजांड सुटल्यावर वाढणारं हार्मोन) मोजायचं असतं ते पुढची पाळी येण्याच्या सुमारे ७ दिवस आधी. २८ दिवसांचं चक्र असेल तर तो दिवस २१ वा पडतो. ३५ दिवसांचं असेल तर २८ वा. ३५ दिवसांच्या बाईचं रक्त २१ व्या दिवशी घेतलं, तर बीजांड सुटायच्या बेतात असतं, प्रोजेस्टेरॉन ३ नॅनोग्रॅमच्या खाली येतं आणि कागदावर लिहिलं जातं 'बीजांड सुटलं नाही'. ते दोन दिवसांनी सुटतंही, पण नोंद तशीच राहते.

पहिला दिवस कोणता धरायचा? नुसता डाग दिसला तो नव्हे, पॅड लागेल इतकं अंगावरून जाऊ लागलं तो. रात्री उशिरा सुरू झाली तर तो दिवस धरायचा की दुसरा, हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी नियमांत, ठरलेलं असतं. पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

केसांसाठी बायोटिन घेते. ते सांगायला हवं का?

हो, आणि हे बहुतेकजणी सांगत नाहीत, कारण ते 'औषध' वाटत नाही. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम; केसा-नखांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलीग्रॅम, म्हणजे शेकडो पटींनी जास्त. हार्मोन मोजणाऱ्या अनेक किटमध्ये बायोटिनची जोडणीच वापरलेली असते. रक्तातलं जादा बायोटिन त्यात लुडबुड करतं: एचसीजी (गर्भ रुजल्यावर तयार होणारं हार्मोन), एफएसएच, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) खोटेच कमी दिसतात, तर इस्ट्राडायॉल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन खोटेच जास्त. किती दिवस आधी थांबवायचं ते किटवर अवलंबून असतं. ट्रायलच्या टीमला डबी दाखवा आणि ते सांगतील तसं करा.

दर भेटीला लघवीची तपासणी का? माझ्यावर विश्वास नाही का?

प्रश्न विश्वासाचा नाही, जीवशास्त्राचा आहे. लघवीच्या पट्टीला एचसीजी साधारण २५ युनिटच्या आसपास गेल्यावर दिसतं. बीजांड सुटल्यावर गर्भ अस्तरात रुजायला बहुतेकदा ८ ते १० दिवस लागतात, आणि त्यानंतर कुठे एचसीजी तयार व्हायला लागतं. म्हणजे गर्भ असूनही सुरुवातीचे दीड-दोन आठवडे पट्टी नकार देऊ शकते. यावरचा उपाय म्हणजे खरी पाळी आल्यावर पहिल्या पाच दिवसांत पहिला डोस, आणि नंतर ठरावीक अंतराने पुन्हा तपासणी. खूप पाणी पिऊन आलात तर लघवी पातळ होते आणि पट्टी चुकते, तेव्हा शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या.

गर्भनिरोधकाची अट त्याच कारणाने कडक असते. प्रोटोकॉलमध्ये 'अतिप्रभावी' म्हणजे नीट वापरल्यास वर्षाला शंभरात एकीपेक्षा कमी जणींना दिवस राहतील अशी पद्धत: तांबी, हातातलं इम्प्लांट, नसबंदी, किंवा नवऱ्याची नसबंदी, पण वीर्य तपासून खात्री केलेली. नुसता निरोध त्यात बसत नाही. गोळ्या बसतात, मात्र चाचणीचं औषध यकृतातली एन्झाइम्स वाढवणारं असेल तर गोळीचा असर उतरतो. रिफाम्पिसिन आणि कार्बामेझेपिन ही त्याची नेहमीची उदाहरणं.

तरीही दिवस राहिले तर?

लगेच कळवा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. चाचणीचं औषध बहुतेक ट्रायलमध्ये त्याच दिवशी थांबवतात आणि टीमने प्रायोजकाला, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला, साधारण २४ तासांच्या आत कळवायचं असतं. नंतर प्रसूती होईपर्यंत, आणि अनेकदा बाळ काही महिन्यांचं होईपर्यंत, तुमची माहिती घेत राहतात. त्यासाठी वेगळं संमतीपत्र असतं आणि त्याला नाही म्हणता येतं. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय तुमचा. ट्रायलच्या कुणीही त्यात सुचवणीसुद्धा करायची नसते.

रक्तस्राव किती होतो हे मोजतात तरी कसं? 'खूप जातं' एवढं पुरेसं नाही का?

उपचारासाठी पुरतं, ट्रायलसाठी नाही.

सोपी पद्धत चित्रांच्या तक्त्याची. तक्त्यावर थोडं भिजलेलं, अर्धं भिजलेलं आणि पूर्ण भिजलेलं अशी पॅडची तीन चित्रं असतात. त्यांना अनुक्रमे १, ५ आणि २० गुण. टॅम्पॉनला १, ५ आणि १०. रक्ताची लहान गाठ पडली तर १, मोठी पडली तर ५. पूर्ण पाळीची बेरीज १०० किंवा त्याहून जास्त झाली की रक्तस्राव ८० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे 'अतिरिक्त', असा अंदाज धरतात. दुसऱ्या दिवशी ३ पूर्ण भिजलेले आणि ४ अर्धे भिजलेले पॅड झाले तर ६० अधिक २०, म्हणजे ८० गुण एकाच दिवसाचे. तिसऱ्या दिवशी एक पूर्ण भिजलेला पॅड आला की १०० झालेच.

यात चुकतं कुठे? पॅडमध्ये. जेल असलेला पातळ पॅड आणि साधा कापसाचा पॅड सारखेच भिजलेले दिसले तरी आतलं रक्त सारखं नसतं. म्हणून चांगल्या ट्रायलमध्ये सगळ्यांना एकाच प्रकारचे पॅड देतात. दुसरी चूक डायरीची: आठवड्याचे रकाने रविवारी आठवून भरले की सगळे दिवस 'मध्यम' होतात.

काटेकोर पद्धत वेगळी आहे. वापरलेला प्रत्येक पॅड झिपच्या पिशवीत भरून प्रयोगशाळेत जातो. तिथे तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवून कुटतात, हिमोग्लोबिनचं हिमॅटिन होतं आणि द्रावणाचा रंग यंत्राने मोजतात. त्याच बाईच्या हातातून काढलेल्या रक्ताशी तो ताडून किती मिली रक्त गेलं ते काढतात. किळस वाटू शकते, पण गर्भाशयातल्या गाठींवरच्या (फायब्रॉइडवरच्या) औषधांच्या मोठ्या चाचण्या याच पद्धतीवर उभ्या आहेत. यशाची व्याख्याही तितकीच घट्ट असते: शेवटी रक्तस्राव ८० मिलीच्या खाली, आणि सुरुवातीपेक्षा निम्म्याहून कमी. दोन्ही हवंच. ऑफिसात, प्रवासात टाकून दिलेला एक पॅड म्हणजे औषधाचा फुकटचा विजय. पॅड टाकला गेला असेल तर तसं लिहा, लपवू नका.

औषध सुरू करण्याआधी एक-दोन पाळ्या नुसत्या मोजतात, त्यामागेही कारण आहे. बाई दवाखान्यात येते ती तिच्या सगळ्यात वाईट महिन्यानंतर. पुढचा महिना काहीही न करता जरा बरा जाण्याची शक्यता असतेच.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं काय?

तिथे नजरेचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी पडतो, कारण रक्त चादरीत, कापसात आणि फरशीवर वाटलं जातं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत बाळंतिणीखाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली, आणि रक्त ठरलेल्या रेघेला पोचलं की गर्भाशय चोळणं, आकुंचनाचं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध), सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं ठरवलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, २ लाखांहून अधिक योनीमार्गे प्रसूती. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. यातलं एकही औषध नवीन नव्हतं. मोजणं वेळेवर झालं आणि हात एकदम हलले.

वेळेचं महत्त्व आधीच्या वुमन चाचणीतही दिसलं होतं. २० हजार स्त्रियांमध्ये ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडने रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले, पण फायदा प्रसूतीनंतरच्या पहिल्या ३ तासांत औषध मिळालेल्यांनाच झाला.

मला प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, औषध नसलेली गोळी) मिळालं, तरी दुखणं कमी झालं. म्हणजे माझं दुखणं खोटं?

अजिबात नाही. एंडोमेट्रिऑसिसवरच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारावरच्या) एलागोलिक्स या औषधाच्या चाचण्यांत प्लासिबो गटातल्या सुमारे पाचातल्या एकीचं पाळीतलं दुखणं 'लक्षणीय कमी' या व्याख्येत बसलं, आणि पाळीबाहेरचं ओटीपोटाचं दुखणं तीनातल्या एकीपेक्षा जास्त जणींचं. दुखणं चढतं-उतरतं असतं, नियमित विचारपूस होते, अपेक्षा असते. हे सगळं खऱ्या औषधाच्या गटातही घडतं, म्हणूनच ते वजा करायला प्लासिबो लागतं.

या चाचण्यांची एक कायमची अडचण: पाळी थांबवणारं औषध स्वतःचं गुपित स्वतःच फोडतं. तीन महिने पाळी नाही आली की आपण कोणत्या गटात आहोत हे बाईला कळतं. त्यामुळे परिणाम नोंदवणारी व्यक्ती आणि उपचार बघणारी व्यक्ती वेगळी ठेवतात. पाळी येते की नाही हे नोंद घेणाऱ्याला सांगू नका असं कुणी म्हटलं तर त्यात लपवाछपवी काही नाही.

'९९ टक्के परिणामकारक' हा गर्भनिरोधकाचा आकडा कुठून येतो?

बहुतेक वेळा पर्ल इंडेक्समधून. राहिलेल्या गर्भांची संख्या गुणिले १३००, भागिले वापरलेली २८ दिवसांची चक्रं. १००० बायकांनी १३-१३ चक्रं वापरलं, २० जणींना दिवस राहिले, तर २० × १३०० ÷ १३,००० म्हणजे २. आता त्यातल्या ३,००० चक्रांत निरोधही वापरला होता असं डायरीत निघालं, तर ती चक्रं बाद. उरली १०,०००, आणि इंडेक्स झाला २.६. औषध तेच, बायका त्याच. म्हणून डायरीतला 'दुसरी पद्धत वापरली का' हा रकाना भरायचा कंटाळा करू नये.

दोन चाचण्यांचे पर्ल इंडेक्स शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. ज्यांना सहज दिवस राहतात त्या सुरुवातीलाच गळतात, त्यामुळे चाचणी जितकी लांब तितका आकडा आपोआप सुंदर. वयही बघा: ३५ च्या आतल्या बायकांचा आकडाच खरी परीक्षा घेतो.

वंध्यत्वाच्या जाहिरातीत 'यशाचं प्रमाण' म्हणजे काय समजायचं?

आधी विचारा: भागाकारात खाली काय आहे? १०० जणींनी आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा उपचार) सुरू केलं, ८० जणींपर्यंत गर्भ गर्भाशयात सोडण्याची, म्हणजे ट्रान्सफरची, वेळ आली, ३० बाळं झाली. 'प्रत्येक ट्रान्सफरमागे' यश ३७.५ टक्के. सुरू करणाऱ्या बाईमागे ३० टक्के. दोन्ही खरे, पण पैसे आणि इंजेक्शनं १०० जणींनी सोसली.

मग विचारा: वर काय आहे? पॉझिटिव्ह आलेली रक्ततपासणी, सोनोग्राफीत दिसलेले ठोके, की जिवंत जन्मलेलं बाळ? चांगली चाचणी शेवटचंच मोजते. पीसीओएसमध्ये (बीजांड नियमित न सुटण्याच्या हार्मोनच्या विकारात) लेट्रोझोल आणि क्लोमिफीन या बीजांड सुटायला मदत करणाऱ्या औषधांची २०१४ मधली तुलना त्याच मापावर झाली: ७५० स्त्रिया, जिवंत जन्म २७.५ टक्के विरुद्ध १९.१ टक्के. उलट उदाहरण अस्तर खरवडण्याचं. आयव्हीएफआधी अस्तराला हलका ओरखडा दिला की गर्भ चांगला रुजतो, असं लहान-लहान चाचण्यांवरून अनेक वर्षं सांगितलं गेलं. २०१९ मध्ये १३६४ स्त्रियांमध्ये नीट चाचणी झाली. ओरखडा दिलेल्या गटात जिवंत जन्म २६.१ टक्के. न दिलेल्या गटात २६.१ टक्के.

गर्भवती स्त्रियांना ट्रायलमध्ये घेणं धोक्याचं नाही का?

थॅलिडोमाइडचं नाव इथे हमखास निघतं, आणि बहुधा उलट्या अर्थाने. १९५७ पासून विकलं गेलेलं हे औषध १९६१ अखेर मागे घेईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक बाळांना इजा झाली. पण ती इजा ट्रायलमध्ये झाली नाही. गर्भवतींमध्ये नीट चाचणी न करता औषध सरळ बाजारात आलं होतं. डीईएसची गोष्ट अधिक बोचरी: गर्भपात टाळायला दिल्या जाणाऱ्या या हार्मोनचा फायदा नाही हे १९५३ च्या चाचणीत दिसलं, तरी ते देत राहिले. १९७१ मध्ये त्या मातांच्या तरुण मुलींमध्ये योनीचा दुर्मीळ कर्करोग सापडला.

यातून घेतलेला धडा मात्र विचित्र निघाला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मूल होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते १९९३ मध्ये बदललं. वगळलं म्हणून औषधं घेणं थांबत नाही. फिट, दमा, रक्तदाब गर्भवतींनाही असतो. ती मग पुरावा नसताना घेतली जातात.

घेतलं तर काय मिळतं? २००२ ची मॅगपाय चाचणी: प्रीएक्लॅम्प्सिया (गर्भारपणातला धोकादायक वाढलेला रक्तदाब) असलेल्या सुमारे १० हजार स्त्रिया, मॅग्नेशियम सल्फेटने झटके येण्याचा धोका निम्म्यावर. अर्थात प्राण्यांवरच्या गर्भविषारीपणाच्या चाचण्या आधी झालेल्या असाव्यात, आणि तुमच्या संमतीपत्रात त्यांचा उल्लेख हवा.

'हार्मोनने स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो' हे खरं आहे का?

आकडा खरा आहे, पण अर्धवट. २००२ मध्ये वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या पाळी गेलेल्या स्त्रियांवरच्या मोठ्या अमेरिकी ट्रायलचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गट सरासरी ५.२ वर्षांनी थांबवला. १६,६०८ स्त्रिया होत्या. वर्षाला दर १०,००० जणींमागे प्लासिबो गटात ३० कर्करोग, हार्मोन गटात ३८. म्हणजे ८ जास्त. ३० चे ३८ झाले की ते 'सुमारे २६ टक्के' वाढ. त्याच हिशेबात पक्षाघातही ८ ने वाढले आणि मांडीच्या खुब्याची फ्रॅक्चर ५ ने घटली.

'कोणामध्ये' हेही विचारा. सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं झालेल्या बायकांचा धोका पन्नाशीत गरम वाफांनी हैराण झालेल्या बाईवर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. गर्भपिशवी काढलेल्यांच्या, म्हणजे नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांच्या गटात स्तनांचा कर्करोग वाढला नाही. ज्यांची गर्भपिशवी जागेवर आहे त्यांना नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, कारण अस्तर जाड होऊन त्याचा कर्करोग होऊ शकतो. रोजची हार्मोनची गोळी यावरून स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी आकड्यांत बोला.

शस्त्रक्रियेचीही चाचणी लागते? दुर्बिणीची तर सरस दिसतेच.

दिसते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बिणीने किंवा रोबोने केलेली मोठी शस्त्रक्रिया छोटे टाके, लवकर घरी जाणं यामुळे पसरली होती. २०१८ मध्ये चिठ्ठी पद्धतीने तुलना प्रसिद्ध झाली: साडेचार वर्षांनी कर्करोग न उलटलेल्या स्त्रिया दुर्बीण गटात ८६ टक्के, पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के. आधीच्या नुसत्या निरीक्षणांत हे दिसलं नव्हतं. हा निष्कर्ष त्या एका शस्त्रक्रियेपुरता आहे. गर्भाशयातल्या गाठी किंवा साध्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनला तो लावू नका.

मधेच सोडता येतं का?

कधीही, कारण न देता, नेहमीचे उपचार न गमावता. फक्त न सांगता गायब होऊ नका. त्रास झाल्यामुळे सोडलेल्या बायकांची नोंद नसेल तर औषध आहे त्यापेक्षा सौम्य दिसतं. 'गोळी बंद, पण फोनवर माहिती देईन' हा मधला मार्ग बहुतेक ठिकाणी असतो.

ट्रायल खरी आहे हे कसं ओळखायचं?

नोंदणी क्रमांक मागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शोधपृष्ठावर जगभरच्या नोंदी एकत्र बघता येतात. तिथे दोन गोष्टी पाहा: नोंद पहिली स्त्री दाखल होण्याआधीची आहे का, आणि 'मुख्य परिणाम' म्हणून काय लिहिलंय. निकाल छापून आल्यावर तीच ओळ पुन्हा उघडा. नोंदीत 'जिवंत जन्म' आणि बातमीत 'अस्तराची जाडी सुधारली' असेल, तर जिवंत जन्माचं काय झालं हे विचारायचं राहिलेलं आहे.

भाग घ्यायचे पैसे तुमच्याकडूनच मागत असतील तर सही करण्याआधी एथिक्स कमिटीला फोन करा.

मी कोणत्या गटात होते हे शेवटी कळतं का?

बहुतेकदा हो, पण सगळ्यांचा डेटा पूर्ण होऊन कुलूपबंद झाल्यावर, म्हणजे तुमची शेवटची भेट होऊन वर्षही उलटू शकतं. तातडीत, उदाहरणार्थ अचानक शस्त्रक्रिया लागली, तर गुपित कोणत्याही वेळी फोडता येतं. त्यासाठीचा २४ तासांचा क्रमांक ट्रायलच्या कार्डावर असतो. ते कार्ड पर्समध्ये ठेवा, घरच्या फाइलमध्ये नको.